रिद्धपूरहून सालबर्डी : एका दिवसाची यात्रा

श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेल्या रिद्धपूर येथील स्थानवंदन आटोपल्यावर ज्या भाविकांच्या हाती एक दिवस असेल, त्यांनी सालबर्डीस अवश्य जावे. मोर्शीमार्गे उत्तरेस गेले असता सातपुड्याच्या पायथ्याशी, महाराष्ट्र व मध्य प्रदेशाच्या सीमेवर हे क्षेत्र लागते.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी रिद्धपूर येथे श्रीगोविंदप्रभूंपासून ज्ञानशक्ती स्वीकारली व पुढे सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे एकांतवास केला, अशी महानुभाव परंपरा आहे. येथील डोंगरातील नैसर्गिक गुहेत महादेवाचे स्थान असून महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. दोन्ही राज्यांतील भाविक तीस येतात.

खडकांची ओळख

वऱ्हाडात बहुतेक ठिकाणी दिसणारा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला आहे. सालबर्डी परिसरात मात्र भूकवचातील मोठ्या भेगेलगत जमीन उचलली गेली, वरचे थर झिजले आणि एरवी खोल दडलेले खडक उघडे पडले. सर्वांत खाली २५० कोटी वर्षांहून प्राचीन स्फटिकमय खडक, त्यावर गोंडवन काळातील वालुकाश्म, त्यावर ‘लॅमेटा’ नावाचे चुनखडीयुक्त थर आणि माथ्यावर काळा पाषाण, असा हा क्रम आहे. यांपैकी लॅमेटा थरांत डायनोसॉरची अश्मीभूत हाडे व अंडी आढळली असून, अमरावती विद्यापीठातील भूशास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे.

अशी अंडी सामान्य माणसास केवळ गोलसर दगड वाटतात. कोणी कुतूहलाने एखादा घरी नेला, तर तो कोणत्या थरात व कोणत्या दगडांशेजारी होता, ही माहिती कायमची नष्ट होते. तिच्यावाचून अभ्यासकास त्याचा फारसा उपयोग उरत नाही. आपल्या पूर्वजांनी ‘स्थानपोथी’त प्रत्येक स्थानाची दिशा व ठिकाण काळजीपूर्वक नोंदविले, म्हणूनच आज आपण नेमक्या जागी मस्तक टेकवू शकतो. खडकाची पोथीही अशीच आहे. तिचे पान कोणी फाडू नये.

यात्रेकरूंसाठी सूचना

१. सकाळी लवकर निघावे व सूर्यास्तापूर्वी डोंगर उतरावा.

२. पावसाळ्यात माडू नदीस अचानक पूर येतो. पाणी वाढलेले असता पात्रात उतरू नये.

३. गुहेकडील वाट चढणीची आहे. वृद्ध व आजारी भाविकांनी आपली शक्ती पाहूनच पुढे जावे.

४. पिण्याचे पाणी व विजेरी सोबत ठेवावी.

५. खडक फोडू नये, त्यावर नावे लिहू नयेत, दगड उचलून नेऊ नये. वेगळा वाटणारा दगड दिसल्यास जागचा न हलविता छायाचित्र घ्यावे.

६. प्लॅस्टिकच्या पिशव्या व बाटल्या परत आणाव्यात.

ज्या डोंगराने स्वामींना एकांत दिला, तो पुढील पिढ्यांच्या यात्रेकरूंसाठीही तसाच राहावा, ही भाविकांस नम्र विनंती.