छातीतली धडधड आणि मनातली धास्ती

'मला चिंतेचा विकार झाला आहे,' असे म्हणत रुग्ण कधीच दवाखान्यात येत नाही. तो सांगतो, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, पोटात गोळा येतो, पहाटे तीनला जाग येते ती परत डोळा लागत नाही. बायका सांगतात, जीव घाबराघुबरा होतो, घशाशी काहीतरी अडकल्यासारखे वाटते. हृदयाचा आलेख निघतो, रक्त तपासले जाते आणि सारे काही नॉर्मल येते. मग घरातली माणसे म्हणतात, 'याला काही झालेले नाही, उगाच मनाचे खेळ.' हे म्हणणे चुकीचे आहे. त्रास खरा असतो; त्याचे मूळ कोठे आहे, हे समजून घ्यायचे असते.

शरीरात काय घडते?

अंधारात पायाजवळ साप सळसळला तर आपण विचार करत बसत नाही, उडी मारतो. त्या क्षणी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनलीन हा स्राव रक्तात सोडतात. हृदय जोरात चालते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात, घाम फुटतो आणि पचनाचे काम मंदावते. हे सारे जीव वाचवण्यासाठी असते. साप निघून गेला की शरीर पूर्ववत होते.

परंतु सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न, मुलाचा बारावीचा निकाल, पावसाने दिलेली ओढ हे साप निघून जात नाहीत. शरीराला मात्र खरा साप आणि मनातला साप यांतला फरक कळत नाही. धोक्याची घंटा वाजतच राहते. त्यातूनच धडधड, मानेचे दुखणे, अपचन, चिडचिड आणि निद्रानाश सुरू होतात. घाबरून भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात आणि चक्कर आल्यासारखे वाटते. रुग्णाला वाटते, आता आपले काही खरे नाही. त्या भीतीने धडधड आणखी वाढते. असा तीव्र झटका साधारणपणे दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो व अर्ध्याएक तासात ओसरतो.

आधी तपासणी, मग निष्कर्ष

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. छातीत दाब आल्यासारखे दुखणे, दुखणे डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम, धाप, चालताना त्रास वाढणे, यांपैकी काही असेल तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा. चाळिशीनंतर, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असलेल्यांनी तर मुळीच वेळ दवडू नये. थायरॉइडचा स्राव वाढला किंवा अंगात रक्त कमी असले तरीही धडधड होते. म्हणून तपासणी एकदा नीट करून घ्यावी. ती नॉर्मल आल्यावर मात्र दर महिन्याला नवा डॉक्टर व नवा आलेख, हे चक्र थांबवावे. प्रत्येक नव्या तपासणीने धीर चार दिवस टिकतो आणि शंका अधिक पक्की होते.

घरी काय करावे?

१. झटका आला की खाली बसा. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत हळूहळू सोडा. पाच मिनिटे असे करा. श्वास सोडण्याचा वेळ लांबला की हृदयाची गती मंदावते.

२. संध्याकाळी वही घेऊन पंधरा मिनिटे सगळ्या चिंता लिहून काढा. ज्यांवर उपाय आपल्या हाती आहे, त्यांच्यापुढे उद्याचे एक काम लिहा. कर्जाची चिंता असेल तर 'उद्या बँकेत जाऊन हप्त्यांबद्दल विचारणे' असे नेमके लिहा. रात्री अंथरुणात तीच चिंता परत आली तर 'वहीत लिहिली आहे' असे मनाला सांगा.

३. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला.

४. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. झोपायच्या तासभर आधी मोबाईल दूर ठेवा.

५. दारूने झोप येते असे वाटते. प्रत्यक्षात ती झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी अस्वस्थता वाढवते.

झोपेच्या गोळीचा मोह

शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपणही आणायची, ही सवय घातक आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळीने तासाभरात बरे वाटते, हेच तिचे आकर्षण. काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय लागू शकते. मग अर्धीची एक आणि एकीच्या दोन होतात. एकदम बंद केल्यास झटके, म्हणजे फिट्स, येण्याचाही धोका असतो. २०१४ पासून ही गोळी औषध कायद्याच्या एच-१ या कडक अनुसूचीत आहे. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही. तुम्ही महिनोन् महिने घेत असाल तर स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. चिंताविकारावर सवय न लागणारी औषधेही आहेत. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. तीही मनाने बंद करू नयेत.

केव्हा मदत घ्यावी?

त्रास रोजचा झाला, कामात लक्ष लागेनासे झाले, माणसांत जाणे नकोसे वाटू लागले, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. तेथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याला आपण आंधळा म्हणत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

घरातल्यांनाही एक विनंती. 'जगण्यात अर्थ नाही' असे कोणी बोलून दाखवले तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि उपदेशही करू नका. जवळ बसा, 'मनात जीव देण्याचे विचार येतात का?' असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्या व्यक्तीला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सोबत घेऊन डॉक्टरांकडे या.