पेटीत काय आहे ते आधी विचार

बाळा, उद्या तू न्हावाशेव्याला कामावर लागणार. आमच्या वेळी गोदीत माल हाताखालून जायचा, डोळ्यांना दिसायचा. तुझ्यासमोर सगळं पेटीबंद. म्हणून कागदावर मालाचं नाव वाचल्याशिवाय पेटीला हात लावू नकोस. धोक्याची चिठ्ठी नाही म्हणजे धोका नाही, असं मुळीच धरू नकोस. १९४४ साली ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीला लागलं तेव्हा त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता आणि वर धोक्याचा लाल बावटा नव्हता.

त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस बाहेरून गार दिसतो आणि आतल्या आत धुमसत राहतो. कशाशेजारी काय रचलंय, हे रोज बघत जा. मुकादम चिडला तर चिडू दे.

धूर दिसला की त्याच क्षणी ओरड. जहाज कुणाचं, टोळी कुणाची, हे बघू नकोस. १४ एप्रिलच्या त्या दुपारी शेजारच्या जहाजांवरून काहींना धूर दिसला होता, पण कुणी कळवलं नाही. जेवून परतलेल्या कामगारांनी हाक दिली तेव्हा दोन वाजत आले होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा.

मधले दोन तास होते रे! तेच मला सलतं. बंब आले, जवानांनी पाण्याचा मारा चालू ठेवला, जहाजाचं पोलाद तापत गेलं. जहाज बुडवा, असंही सुचवलं गेलं. पण धक्क्यावर अधिकारी पुष्कळ आणि सगळ्यांना बांधणारा हुकूम देणारा कुणीच नाही. आगीशी झुंजणारे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. त्या दिवशी भायखळ्याच्या केंद्रात जाऊन ये.

आग लागली तर बघत उभा राहू नकोस. पेटत्या कापसाचे बोळे मांडवीच्या वस्तीवर पडले होते, एवढा लांबचा पल्ला त्या स्फोटाचा. तुझं काम नसेल तर लांब जा, आणि इतरांनाही हाताला धरून ने.

आणि पहिल्याच पाळीला साहेबाला सरळ विचार, रात्री-अपरात्री आग लागली तर धक्का रिकामा करायचा हुकूम कोण देणार? नाव आणि फोन नंबर खिशातल्या वहीत लिहून घे. पाळी बदलली की पुन्हा विचार.