प्राण्यांची निगा : राणीची बाग आणि डहाणूचें कासवांचें रुग्णालय

वार्षिक परीक्षा आटोपली कीं डहाणू व तलासरी या आपल्या भागांतील पुष्कळ मुलें आईबापांबरोबर मुंबईस जातात, आणि मुंबईस जाऊन राणीची बाग न पाहतां परत आलेला मुलगा विरळा. परत आल्यावर "काय काय पाहिलेंस ?" असें त्यास विचारलें, तर वाघ, पाणघोडा, पेंग्विन अशीं नांवें तो भराभर सांगतो. परंतु "त्या वाघास रोज काय घालतात ? त्याची जागा कोण धुतो ? तो आजारी पडला तर तें प्रथम कोणाच्या ध्यानांत येतें ?" असें पुढें विचारावें, तर तो गप्प बसतो. प्राणी पाहणें सोपें आहे. त्याची निगा पाहणें कठीण आहे. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या गोष्टीचाच विचार करावयाचा आहे.

भायखळ्याची ही बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली. तिचें हल्लींचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. त्या काळीं कोठल्याहि देशांत प्राणिसंग्रहालय म्हणजे लोखंडी गजांच्या पिंजऱ्यांची रांग, एवढीच कल्पना होती. प्राणी दिसला म्हणजे काम झालें. त्यास तेथें काय वाटतें हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. ही दृष्टि हळूहळू पालटली. आपल्या देशांत १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि त्यांत दुरुस्ती होऊन १९९२ सालीं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालें. या प्राधिकरणाच्या मान्यतेवांचून भारतांत प्राणिसंग्रहालय चालवितां येत नाहीं. प्राण्यास जागा किती द्यावी, पाणी व सांवली कशी असावी, वैद्य कोणता असावा, या सर्वांचे नियम ठरलेले आहेत. आतां पिंजऱ्याच्या जागीं खंदक, कांच, झाडें व पाण्याचीं डबकीं दिसूं लागलीं आहेत.

निगा म्हणजे काय तें पेंग्विनांच्या उदाहरणावरून चांगलें कळेल. २०१६ सालीं दक्षिण कोरियांतील सोल शहराहून आठ हम्बोल्ट पेंग्विन या बागेंत आणले. पेंग्विन म्हटला कीं बर्फ डोळ्यांपुढें येतो. पण हे पक्षी बर्फांत राहणारे नव्हेत. दक्षिण अमेरिकेंतील पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यास लागून समुद्राचा एक थंड प्रवाह वाहतो. तेथील खडकांवर त्यांची वस्ती असते. म्हणून मुंबईच्या उकाड्यांत त्यांच्यासाठीं सोळा ते अठरा अंश उष्णतामान राखलेलें बंदिस्त घर बांधावें लागलें. इतकें करूनहि त्यांतील एक पक्षी त्याच वर्षीं दगावला. पुढें १५ ऑगस्ट १९४७ या दिवसाची आठवण करून देणाऱ्या तिथीस, म्हणजे १५ ऑगस्ट २०१८ रोजीं, एक पिल्लूं अंड्यांतून बाहेर आलें. तें आठवडाभरच जगलें. त्यानंतरचीं कांहीं पिल्लें मात्र जगलीं व वाढलीं. यावरून हें दिसतें कीं, परक्या हवेंतील जीव आणणें ही पैशाची गोष्ट असेल, पण तो जगविणें ही ज्ञानाची, सोशिकपणाची व रोजच्या कष्टांची गोष्ट आहे.

प्रेक्षक येण्यापूर्वींच बागेंतील खरें काम सुरू झालेलें असतें. रखवालदार प्रथम आपले प्राणी पाहून घेतो : रात्रीं खाल्लें किती, टाकलें किती, चाल कशी आहे, विष्ठा कशी आहे. रानांतील प्राणी आपलें दुखणें लपवितो, कारण रानांत दुबळा दिसला तो मेला. म्हणून रोज पाहणाऱ्या माणसास जी बारीक खूण दिसते, ती वैद्यासहि एकदम दिसत नाहीं. मग जागा धुणें, पाणी बदलणें, अन्न तोलून देणें. वाघासारख्या मांसाहारी प्राण्यांस आठवड्यांतून एक दिवस उपास घडवितात. कारण रानांतहि त्यास रोज शिकार मिळत नाहीं. बाहेरून आलेल्या प्राण्यास कांहीं दिवस वेगळें ठेवतात, म्हणजे त्याचा रोग इतरांस जडत नाहीं. शिवाय बंदिस्त जिवाचें मन रमावें म्हणून खाऊ लपवून ठेवणें, चढावयास ओंडके देणें, अशा युक्त्याहि कराव्या लागतात. ज्यास करावयास कांहींच नाहीं, तो प्राणी एकाच वाटेनें दिवसभर येरझारा घालतो. तें त्याच्या कंटाळ्याचें लक्षण होय.

एवढ्या मेहनतीवर पाणी पाडणें आपल्या हातीं असतें. वेफरची पिशवी आंत टाकणें, कांचेवर थापा मारणें, झोंपलेल्या प्राण्यास हांका मारून उठविणें, हे खेळ नव्हेत. प्लास्टिक पोटांत गेलें तर आंतडें अडतें आणि धडधाकट प्राणी मरतो. बाग बुधवारीं बंद असते. प्राण्यांसहि निवांतपणाची गरज असते, हें त्यावरून ध्यानांत ठेवावें.

आतां मुंबई सोडून आपल्या गांवीं येऊं. डहाणूस वनविभाग व वाइल्डलाइफ कन्झर्वेशन अँड अॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही संस्था यांच्या सहकार्यानें समुद्री कासवांचें उपचार केंद्र चालतें. येथें प्राणी ठेवण्यासाठीं आणीत नाहींत, परत पाठविण्यासाठीं आणतात. प्राणिसंग्रहालयाची शोभा भरलेल्या जागांत असते. या केंद्राचें यश रिकाम्या टांकींत असतें.

झाईपासून चिंचणीपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत जखमी व थकलेलीं कासवें वाहून येतात. त्यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं पुष्कळ असतात. हिरवीं व हॉक्सबिल जातीचींहि सांपडतात. समुद्री कासव पाण्यांत राहतें खरें, पण तें माशाप्रमाणें कल्ल्यांनीं श्वास घेत नाहीं. त्यास फुफ्फुसें आहेत, आणि हवेसाठीं वर यावें लागतें. जाळ्यांत अडकून तें वर येऊं शकलें नाहीं तर पाण्यांत राहणारा हा जीव पाण्यांतच गुदमरतो. जाळ्याचा दोर पायास करकचून बसला तर रक्त थांबतें, पाय सडतो, आणि कधीं कधीं तो कापावा लागतो. असें दुबळें झालेलें कासव पावसाळी वारे व लाटा किनाऱ्याकडे लोटतात.

केंद्रांत आल्यावर त्याचें वजन व माप घेतात, जखमा धुतात, औषध देतात, आणि मग टांकींत सोडून पाहतात. निरोगी कासव बुडी मारतें. कांहीं आजारांत शरीरांत वायु सांठतो, आणि कासव लांकडाच्या फळीसारखें तरंगत राहतें. त्यास तळाशीं जातां येत नाहीं. अर्थात् भक्ष्य मिळवितां येत नाहीं कीं नावेपासून स्वतःस वांचवितां येत नाहीं. म्हणून बुडी मारणें, पोहणें व आपण होऊन खाणें या तिन्ही गोष्टी साधल्यावांचून त्यास समुद्रांत सोडीत नाहींत. यास कधीं आठवडे, कधीं महिने लागतात.

विद्यार्थिमित्रांनो, या लेखांतील सर्वांत उपयोगाचा भाग आतां येतो. कारण असें कासव वैद्याच्या आधीं बहुधा तुमच्यासारख्या मुलासच दिसतें. त्या वेळीं पुढील गोष्टी ध्यानांत धराव्या.

पहिली : त्यास उचलून परत समुद्रांत ढकलूं नये. ही दया दिसते, पण थकलेल्या जिवास ती मारक होते. तें विसांव्यासाठीं व दुखण्यामुळें वर आलेलें असतें. अंडीं घालण्यास आलेली कासवीण मात्र निराळी : ती वाळू उकरीत असेल, तर तिला दूर राहून आपलें काम करूं द्यावें.

दुसरी : त्यास उताणें करूं नये, पाय धरून ओढूं नये, पाणी वा अन्न तोंडांत घालूं नये.

तिसरी : सांवली करावी, पाठीवर ओलें फडकें ठेवावें, नाकपुड्या झांकूं नयेत. कुत्र्यांस व गर्दीस दूर ठेवावें.

चौथी : वडील माणसांकडून वनविभागास लगेच कळवावें. त्यासाठीं महाराष्ट्रांत १९२६ हा दूरध्वनि क्रमांक आहे.

पालकांसहि एक विनंती आहे. जाळें हें कोळ्याचें भांडवल. तें कापण्यास कोणाचा जीव होईल? हें जाणूनच महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं अशी योजना काढली कीं, संरक्षित सागरी प्राणी सोडविण्यासाठीं जाळें कापावें लागलें, तर मच्छीमारास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. ही गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते. शाळेंतील मुलानें ती घरीं सांगितली, तर एक जाळें व एक जीव या दोहोंचाहि हिशेब जुळेल.

कासवाची मादी एका वेळीं शंभरांवर अंडीं घालते. तरी हजार पिल्लांतून एखादेंच मोठें होतें, असा प्राणिशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेव्हां किनाऱ्यावर येऊन पडलेलें मोठें कासव हें हजारांतून वांचलेलें एक असतें.

आपल्या तालुक्यांतील वारली लोक लांकडावर वाघदेव कोरून रानाच्या कडेस उभा करितात. त्यांनीं वाघास पिंजऱ्यांत घातलें नाहीं; त्यास त्याचें रान दिलें, आपण आपली मर्यादा पाळली, आणि त्याचा मान राखला. निगेचें मर्म यांतच आहे. राणीच्या बागेंत जाल तेव्हां वाघ अवश्य पहा. पण पाणी आणणाऱ्या रखवालदाराकडेहि क्षणभर पहा. आणि पावसाळ्यांत समुद्रावर जाल तेव्हां वाळूंत काळा खडक दिसला, तर जवळ जाऊन नीट पहा. तो श्वास घेत असेल.