‘पब्लिक’ या विशेषणाचा अर्थ

इंग्रजीतील ‘पब्लिक’ हे विशेषण आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की मराठीत त्याला एकच प्रतिशब्द नाही, हे सहसा ध्यानात येत नाही. ‘पब्लिक सर्व्हिस कमिशन’ म्हणजे लोकसेवा आयोग, ‘पब्लिक वर्क्स डिपार्टमेंट’ म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग, आणि ‘पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन’ म्हणजे जनहित याचिका. ‘इन पब्लिक’ याला तर ‘चारचौघांत’ हाच खरा मराठी शब्द. मूळ लॅटिन ‘पब्लिकस’ म्हणजे लोकांचे. ‘रेस पब्लिका’ या लॅटिन शब्दप्रयोगावरूनच ‘रिपब्लिक’ हा शब्द आला.

अर्थ मात्र सर्वत्र सारखा राहिला नाही. अमेरिकेत ‘पब्लिक स्कूल’ ही शासनाच्या खर्चाने चालणारी शाळा. इंग्लंडात तेच नाव ईटन, हॅरो यांसारख्या महागड्या खासगी शाळांना आहे. आपल्याकडील पाट्यांनी इंग्लंडचा कित्ता गिरवला. बोलण्यात तर हे विशेषण नामच होऊन बसले आहे. ‘पब्लिक फार होते’ म्हणजे गर्दी फार होती.

परंतु या एका विशेषणासाठी आपल्या समाजाला दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागले, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात काही सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. त्यांचे म्हणणे काय होते? तळे ‘पब्लिक’ नाहीच. ते स्पृश्यांच्या खासगी मालकीच्या स्वरूपाचे आहे! ज्या तळ्यावर इतर धर्मीयांना मज्जाव नव्हता, त्याविषयी हा युक्तिवाद होता. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नव्हती.

त्या खटल्यात मालकीला एवढे महत्त्व का आले, हे लक्षात घेतले म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील दुसऱ्या खंडाची शब्दयोजना उलगडते. इंग्रजी पाठात तेथे ‘पब्लिक’ चार वेळा येतो. उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, लोकांच्या राबत्याच्या जागा, आणि शेवटी ‘जनरल पब्लिक’ म्हणजे सर्वसाधारण जनता. उपाहारगृह बहुधा खासगी मालकीचेच असते. तरीही त्यास ‘पब्लिक’ म्हटले आहे. येथे विशेषण मालकाला लागत नाही, वापराला लागते. विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांबाबत तर सरकारी निधीचा अंशतः वाटा पुरे आहे, किंवा तोही नसला तरी ते सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेले असले की पुरे. मग विहीर कोणाच्या पूर्वजांनी खोदली, हा प्रश्न विचारून जातीच्या कारणाने कोणाला तेथून परतवता येत नाही.