हिशेबाची वही आणि कराचे नियोजन

प्रस्तावना

फेब्रुवारी-मार्च महिने आले, की नोकरदार माणूस विमा प्रतिनिधीला गाठतो आणि छोटा दुकानदार पावत्यांची पिशवी घेऊन करसल्लागाराकडे धावतो. दोघांच्याही मनात एकच प्रश्न असतो : कर वाचवावा कसा? वर्ष सरता सरता केलेल्या या धावपळीला नियोजन म्हणता येत नाही. खरे नियोजन एप्रिलमध्ये सुरू होते आणि त्याचे पहिले साधन म्हणजे हिशेबाची वही. नोकरदार व छोटे व्यावसायिक यांनी करनियोजन कसे करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

कर, हक्क आणि कर्तव्य

भारतात आयकर प्रथम १८६० साली लागू झाला. १८५७ च्या उठावामुळे सरकारी तिजोरीवर पडलेला भार भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला. तेव्हा तो परकीय सत्तेने लादलेला कर होता. आज संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. म्हणून देय कर भरणे हे जसे नागरिकाचे कर्तव्य, तसेच कायद्याने दिलेल्या सवलती घेणे हा त्याचा हक्क होय.

या हक्काला मर्यादा आहे. कायद्याच्या चौकटीत राहून कराचा भार कमी करणे म्हणजे करनियोजन. उत्पन्न लपवणे किंवा खोटा खर्च दाखवणे म्हणजे करचुकवेगिरी. १९८५ साली मॅकडॉवेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कायद्याच्या चौकटीतील करनियोजन वैध असू शकते. परंतु फसव्या व्यवहारांचा आडोसा हा नियोजनाचा भाग होऊ शकत नाही.

नोकरदाराचा हिशेब

आयकराच्या दोन प्रणाली आहेत. जुन्या प्रणालीत गुंतवणूक, विमा, घरभाडे इत्यादींसाठी वजावटी मिळतात. नव्या प्रणालीत दर कमी आहेत. मात्र बहुतेक वजावटी नाहीत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली ही मूळ प्रणाली मानली जाते; जुनी हवी असल्यास ती निवडावी लागते.

समजा, एका निवासी नोकरदाराचे २०२५-२६ या वर्षातील वेतन ८,००,००० रुपये आहे. त्याने जुनी प्रणाली निवडली आणि कर वाचवण्यासाठी भविष्य निर्वाह निधी व विमा यांत १,५०,००० रुपये गुंतवले. ही रक्कम आणि ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट वगळता करपात्र उत्पन्न ६,००,००० रुपये उरते. त्यावर ३२,५०० रुपये कर आणि ४ टक्के उपकर मिळून ३३,८०० रुपये भरावे लागतात. नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळून करपात्र उत्पन्न ७,२५,००० रुपये होते. त्या वर्षी १२,००,००० रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करसूट असल्यामुळे त्याला काहीच कर भरावा लागत नाही.

म्हणजे केवळ करासाठी घाईने विमा घेणाऱ्याने पैसाही अडकवला आणि करही भरला. विमा कुटुंबाच्या संरक्षणासाठी घ्यावा, बचत म्हातारपणासाठी करावी. कर हा त्यानंतरचा विचार होय. घरभाडे किंवा गृहकर्जाचे व्याज मोठे असेल, तर जुनी प्रणालीही लाभदायक ठरू शकते. म्हणून दोन्ही हिशेब कागदावर मांडूनच निवड करावी.

छोट्या व्यावसायिकाचा हिशेब

इंदूरमध्ये शिवणकामाचे दुकान चालवणाऱ्या एका स्त्रीचे उदाहरण घेऊ. २०२५-२६ मध्ये तिच्या दुकानात १८,००,००० रुपये जमा झाले. त्यांपैकी १०,००,००० रुपये बँक व यूपीआयमार्फत आले, तर ८,००,००० रुपये रोख. छोट्या व्यावसायिकांसाठी असलेल्या अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीनुसार डिजिटल जमेच्या ६ टक्के आणि रोख जमेच्या ८ टक्के, म्हणजे ६०,००० अधिक ६४,००० असे १,२४,००० रुपये उत्पन्न तिला दाखवता येते. सविस्तर हिशेबपुस्तके ठेवण्याची सक्तीही नसते.

परंतु हे आकडे किमान आहेत. तिच्या वहीनुसार कापड, भाडे, वीज व मजुरी वजा जाता ५,००,००० रुपये खरोखर उरले असतील, तर तेच विवरणपत्रात दाखवणे योग्य ठरते. तिचे दुसरे काही उत्पन्न नसेल, तर नव्या प्रणालीतील करसुटीमुळे त्यावर कर शून्यच येतो. उलट १,२४,००० रुपये दाखवून ती नवी यंत्रे घेण्यासाठी कर्ज मागायला गेली, तर बँक विचारते, ‘एवढ्या उत्पन्नात हप्ते कसे फेडणार?’ न लागणाऱ्या कराच्या भीतीने कमी दाखवलेले उत्पन्न असे तिच्याच वाटेत उभे राहते.

लक्षात ठेवावे असे काही

व्यवसायाचे बँक खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे असावे. रोजची जमा व खर्च त्याच दिवशी लिहावा. पावत्या महिन्यानुसार लावून ठेवाव्यात. कराचे दर व सवलती अर्थसंकल्पानुसार बदलतात. म्हणून विवरणपत्र भरताना त्या वर्षाचे नियम पाहावेत. प्रामाणिक नोंद ही केवळ सरकारसाठी नसते; ती कष्टाच्या कमाईची साक्ष असते.

शब्दार्थ

उपकर – मूळ करावर आकारला जाणारा अधिक कर
करसूट – ठरावीक मर्यादेपर्यंत आकारलेल्या करातून मिळणारी सूट
प्रमाणित वजावट – खर्चाचा पुरावा न देता मिळणारी ठरावीक वजावट
विवरणपत्र – उत्पन्न व कर यांची माहिती देणारा अर्ज

स्वाध्याय

१. करनियोजन आणि करचुकवेगिरी यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने प्रत्यक्ष उत्पन्न दाखवणे तिच्या हिताचे का आहे?
३. तुमच्या कुटुंबाचा एका आठवड्याचा जमाखर्च वहीत लिहा आणि त्यातून काय लक्षात आले, ते पाच ओळींत मांडा.