थंडीत मासा बियांना भुलतो का?

प्रश्न : पोलादपूरजवळ सावित्रीच्या डोहावर मी गरी घेऊन बसतो. पावसाळा सरताना हमखास लागणारा मासा डिसेंबर उजाडला की आमिषाकडे ढुंकून बघत नाही. विलायतेतला माझा भाचा म्हणतो, तिकडे ऐन थंडीत भांगेच्या बिया टाकून रोच नावाचा मासा पकडतात. मासा गुंगतो म्हणून लागतो का? आणि हे इथे चालेल का?

उत्तर : भाचा थापा मारत नाही. रोच हा युरोपातला चंदेरी अंगाचा, लालसर परांचा मासा. आपल्याकडे तो नाही, पण कुळ रोहू-कटल्याचंच, म्हणजे कार्पचं. भांगेचं बी त्याला इतकं लागू पडायचं की इंग्लंडमधल्या काही क्लबांनी एके काळी त्यावर बंदी घातली होती. मासा नशेत येतो, हाही तेव्हाचाच एक आक्षेप. तो खोटा. नशेचा चीक भांगेच्या फुलोऱ्यात आणि पानांत असतो, बियांत नसल्यात जमा. कुमाऊंत याच बियांची चटणी वाटतात आणि जेवणारे सरळ चालत घरी जातात.

तुमच्या शंकेचं मूळ घराजवळच असावं. आपल्या डोंगरात गेळफळ ठेचून किंवा रामेठा कुटून डोहात टाकायची जुनी रीत होती. त्याने मासा खरोखरच गुंगतो आणि वर येतो. पण ते विष झालं, आमिष नव्हे. त्यात बोटभर पिल्लंही जातात. दोन्ही गोष्टी झाडाच्या, दोन्ही पाण्यात टाकायच्या, म्हणून गल्लत होते.

मग बी चालतं कशामुळे? कार्प कुळातल्या माशाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. दाणा आत ओढायचा आणि घशात चिरडायचा, ही त्याची रोजचीच सवय. भांगेचं बी भिजवून उकडलं की फुटतं, आत पांढरा कोंब दिसतो आणि वास पाण्यात उतरतो. शिवाय दाणा बारीक असल्याने मासा तळ हुंगत बराच वेळ एका जागी घुटमळतो, पण पोट भरत नाही.

थंडीत हीच गोष्ट कामाची ठरते. माशाचं अंग पाण्याइतकंच गार होतं. पाणी दहा अंशांनी उतरलं की शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो. त्यात या कुळाला जठरच नाही. खाल्लेलं थेट आतड्यात. म्हणून गारठ्यात तो झोपत नाही, उपाशीही राहत नाही, फक्त थोडं खातो आणि सावकाश खातो. कणकेचा लाडू टाकलात तर एकाच घासात त्याची पंगत उठली!

पण सगळा दोष थंडीवर ढकलू नका. विलायतेतल्या नद्या हिवाळ्यात पाच-सहा अंशांपर्यंत गार होतात. सावित्रीला तसला गारठा माहीतच नाही. माझ्या मते तुमची खरी अडचण पाण्याच्या रंगाची आहे. पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळलेलं असतं, धार बारीक झालेली असते, आणि डोहातल्या माशाला तुमची दोरी, गळ, काठावरची सावली, सगळं दिसतं. दोरी बारीक घ्या, गळ लहान लावा, सकाळी हुडहुडत बसण्याऐवजी ऊन पाण्यात शिरल्यावर, दुपारी जा.

भांगेच्या बिया शोधत फिरायची गरज नाही. नाचणी किंवा वरी रात्रभर भिजवून मऊ उकडा आणि चिमूटभरच टाका. गळाला उकडलेला मक्याचा दाणा किंवा हरभरा लावा. कोरडं धान्य टाकू नका, ते पाण्यात फुगतं. हे सगळं गोड्या पाण्यापुरतं. महाडकडे खाली भरतीचं पाणी चढतं, तिथले मासे वेगळे आणि त्यांच्या आवडीही वेगळ्या. मरळ, शिंगटी यांना तर दाण्याचं काहीच वाटत नाही. त्यांना गांडूळच लागतं.

दाणे खाणारा मासा डोळ्यांनी बघायचा असेल तर बिरवाडीपुढे काळ नदीवरच्या वाळणकोंडाला जा. कुरमुरे टाकले की हातहातभर लांबीचे मासे उसळून वर येतात. गरी मात्र घरीच ठेवा. ते मासे वरदायिनी देवीचे, त्यांना कुणी धरत नाही.