आधी गेट, मग मुक्काम

बाबांना ताडोबा बघायचा होता. एसटीच्या नोकरीत त्यांनी सगळा महाराष्ट्र पालथा घातला, पण चंद्रपूरच्या जंगलात जाणं राहूनच गेलं. त्यांची पंचाहत्तरी झाली तेव्हा ठरवलं, या मे महिन्यात सगळ्यांनी मिळून जायचं. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. एका जिप्सीत पर्यटक सहाच बसतात, तेही जुळलं. बाकी सगळं मी चुकवलं. कसं चुकलं ते सांगतो, म्हणजे निदान तुमच्या बाबतीत तसं होणार नाही.

मी आधी हॉटेल ठरवलं. फोटो छान होते, जेवण घरगुती होतं आणि पत्त्यात ‘ताडोबा’ होतं. नंतर सफारीचं आरक्षण करायला बसलो, तर मोहर्ली गेटवर जागा दिसली. ती घेऊन टाकली. जंगल एकच, मग गेट कुठलं का असेना, असा माझा समज.

पहाटे पाचला, अंधारातच, आम्ही हॉटेलजवळच्या गेटवर पोहोचलो. वनरक्षकाने टॉर्चच्या उजेडात कागद पाहिला.

“साहेब, तुमचं गेट मोहर्ली आहे. हे कोलारा.”

“मग आतून सोडा ना.”

“आतून नाही जाता येत जी. चिमूर-वरोऱ्याकडून फिरून जावं लागते. दोन-अडीच तास पकडा.”

आमच्या डोळ्यांदेखत एकेक जिप्सी आत गेली. गळ्यात दुर्बीण अडकवलेले बाबा गाडीत बसून होते. एक शब्द बोलले नाहीत.

दुपारची सफारीही मोहर्लीचीच होती. भर उन्हात गाडी काढली आणि या वेळी वेळेआधी पोहोचलो. तिथे दुसरी चूक उघडी पडली. आरक्षणात मी बाबांच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक भरला होता आणि बाबांच्या खिशात होतं आधार कार्ड. खिडकीवरच्या माणसाचा काही दोष नव्हता. नियम स्पष्ट लिहिलेला होता, मीच वाचला नव्हता. मी विनवण्या करत राहिलो, तेव्हा बाबांनीच विषय संपवला. “मुलांना घेऊन जा. मी बसतो इथे.”

त्या संध्याकाळी पाणवठ्यावर वाघीण दिसली. उलटी चालत, आधी मागचे पाय पाण्यात टाकून ती बसली. मुलं श्वास रोखून बघत होती. मला मात्र गेटजवळच्या बाकावर बसलेले बाबा दिसत होते. परत आलो तेव्हा त्यांनी धाकट्याला जवळ घेऊन विचारलं, “दिसला का रे?”

त्यानंतर मी तीनदा ताडोबाला जाऊन आलो. आता कुणी विचारलं की पहिली गोष्ट हीच सांगतो : आधी गेट ठरवा. गाभ्याचं क्षेत्रच सुमारे 625 चौरस किलोमीटर आहे आणि त्याभोवती त्याहून मोठं बफर. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी ही गाभ्याची गेटं वेगवेगळ्या बाजूंना आहेत. नागपूरहून उमरेडमार्गे येणाऱ्यांना कोलारा, नवेगाव सोयीचं. चंद्रपूर किंवा बल्लारशाहला रेल्वेने उतरणाऱ्यांना मोहर्ली जवळ. गेट, मग तारीख, आणि सफारीचं आरक्षण हातात पडल्यावरच मुक्काम. हॉटेलवाल्याला एकच प्रश्न विचारा : “माझ्या गेटपासून तुम्ही किती किलोमीटरवर?”

दुसरं, आरक्षण सरकारी संकेतस्थळावरूनच करा. दुसऱ्या कुणाला सांगितलंत, तर नावं आणि क्रमांक स्वतः तपासा. ज्या ओळखपत्राचा क्रमांक भरला, तेच मूळ ओळखपत्र सोबत हवं. मी आता ओळखपत्रं टेबलावर मांडूनच अर्ज भरतो आणि भरून झाला की ती तिथूनच प्रवासाच्या बॅगेत टाकतो.

तिसरं, कॅलेंडर बघा. मंगळवारी गाभ्याचं क्षेत्र बंद असतं. पावसाळ्यात, 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत, ते पूर्ण बंद राहतं. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना शुल्क जास्त आणि गर्दीही जास्त, म्हणून आठवड्याच्या मधले दिवस बघा. मे महिन्यात पाणवठे मोजके उरतात, त्यामुळे जनावर दिसायची शक्यता वाढते. पण चंद्रपूरचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं. सोबत वयस्कर माणसं असतील तर फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला पंधरवडा बरा. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत पहाटेची थंडी झोंबते, तेव्हा कानटोपी आणि पांघरायला शाल हवीच. मातीच्या रस्त्यावर मागच्या सीटला दणके जास्त बसतात. आजी-आजोबांना पुढच्या ओळीत बसवा. गाभ्यात मोबाइल नेता येत नाही, हे मुलांना घरीच सांगून ठेवा.

चौथं, एका सफारीवर सगळी आशा ठेवू नका. जमल्यास तीन सफाऱ्या घ्या आणि त्यातली एक बफरची असू द्या. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा ही बफरची गेटं आहेत आणि वाघ हद्द पाहून फिरत नाही. आम्हाला दुसऱ्या दिवशी बफरमध्येच जागा मिळाली आणि बाबांची एकुलती एक सफारी तीच झाली. वाघ दिसला नाही. पण एका वळणावर गाइडने गाडी थांबवून खाली धुळीत बोट दाखवलं. जिप्सीच्या चाकाची नक्षी उमटलेली होती आणि बरोबर तिच्यावर वाघाच्या पंजाचा ठसा. “चाकाच्या वर पाय आहे, म्हणजे आधीची गाडी गेल्यावर तो गेला. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील,” तो म्हणाला. तेवढ्यात चितळाची धोक्याची हाक आली आणि पाठोपाठ झाडावरचं वानर खाकरलं. बाबा दुर्बीण डोळ्यांना लावून कितीतरी वेळ बांबूकडे बघत होते. खाली उतरल्यावर म्हणाले, “जंगल बोलतं, हे आज कळलं.”

हे जंगल 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं. राज्यातलं ते सगळ्यात जुनं. पण त्याचं नाव त्याहून कितीतरी जुनं आहे. वाघाशी झुंजताना गेलेला तारू हा इथल्या गोंडांचा देव, त्याच्यावरूनच ‘ताडोबा’ हे नाव आलं असं सांगतात, आणि त्याचं ठाणं आजही तलावाकाठी झाडाखाली आहे. अशा ठिकाणी पाहुण्यासारखं जावं. ड्रायव्हरवर गाडी पळवण्यासाठी दबाव आणू नये, वाघाची वाट अडवू नये, आरडाओरडा करू नये.

बाबा पुन्हा ताडोबाला येऊ शकले नाहीत. आता गुडघे साथ देत नाहीत. म्हणून कळकळीने सांगतो, निघायच्या आदल्या आठवड्यात आरक्षणाचा कागद हातात घ्या, गेटाचं नाव मोठ्याने वाचा आणि प्रत्येकाचं ओळखपत्र त्या कागदाशी जुळवून बघा. दहा मिनिटं लागतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तरी ती काढा.